ओ-रिंग चार वेळा फाटली: १९९३ च्या ट्रॅक्टरचा हायड्रोलिक कपलर

६ एप्रिल २०२५, रविवार

यंदा रामनवमी रविवारी आली, म्हणजे एक सुट्टी बुडालीच. ती वसूल करायला सकाळीच हडपसरहून उरुळी कांचनला तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. ट्रॅक्टर त्यांचा, १९९३ चा, पस्तीस एचपीचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाही. बत्तीस वर्षं चिखलात वापरलेली वस्तू आहे.

तक्रार अशी. मागे दोन फाळी पलटी नांगर. लिव्हर ओढला की नांगर उचलतो तो आडवा होईपर्यंत, आणि तिथेच थांबतो. मग इंजिन रेस करायचं, लिव्हर मागे-पुढे हलवायचा, की कधीतरी धाडकन पलटी. शिवाय सीटमागच्या कपलरमधून, म्हणजे नांगराचे तेलाचे पाइप ट्रॅक्टरला जोडायच्या जागेतून, तेल गळतं. दिवसाला दोन-अडीच लिटर. तात्या रोज सकाळी डब्यातून ओततात, जणू गाईला पेंड घालतायत. आणि गेल्या आठवड्यात चालू तासात, म्हणजे नांगरताना मध्येच, एक पाइप आपोआप निसटला.

गावातल्या मिस्त्रीचं निदान: पंप गेला. पंपाचा आकडा ऐकून तात्यांनी मला फोन केला. माझी नोकरी कॉम्प्युटरवरची आहे, पण वडिलांची पान्यांची पेटी माझ्याकडे आली, त्यामुळे घराण्यातला मिस्त्री मीच, असा सगळ्यांचा समज आहे.

पंप बदलण्याआधी एक साधी गोष्ट केली. नांगर नुसता मागच्या लिफ्टवर, म्हणजे अवजार वर-खाली करणाऱ्या हातांवर, उचलला. एका दमात वर गेला आणि पंधरा मिनिटं तसाच राहिला. लिफ्टला आणि कपलरला तेल देणारा पंप एकच आहे. पंप गेला असता तर लिफ्टही रडली असती. म्हणजे घोळ लिव्हरच्या व्हॉल्व्हनंतर कुठेतरी. आज एवढंच. तेल कुठून येतंय ते बघायला कपलर पुसला आणि खाली पुठ्ठा धरला. दोन्ही कपलर गळतात, उजवा जास्त.

हात फिरवून गळती शोधू नका, हे आधीच लिहून ठेवतो. सुईच्या छिद्राएवढ्या फटीतून चौरस सेंटीमीटरला दीडशे किलोच्या दाबाने निघालेलं तेल कातडी फोडून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर सकाळी बघू म्हणायचं नाही. त्याच घटकेला हॉस्पिटल, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की दाबाचं तेल शिरलंय. शोधायला पुठ्ठाच वापरा.

१३ एप्रिल, रविवार

काल हनुमान जयंती, गावात भंडारा. ड्रायव्हर मामा आज दुपारी उगवले. (ते कोणाचेच सख्खे मामा नाहीत, अख्खी वाडी त्यांना मामा म्हणते.) मी तोवर एकट्याने सुरुवात केली.

नांगर जमिनीवर टेकवला, इंजिन बंद केलं, लिव्हर दोन्हीकडे चार-चार वेळा हलवला. एवढं करूनही पाइपात दाब उरला होता. नट अर्धा आटा ढिला करताच तेलाची पिचकारी शर्टवर. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. नट ढिला करताना त्यावर जाड फडकं गुंडाळायचं, हे मी वाचलेलं होतं. फडकं खिशात होतं.

आमच्या ट्रॅक्टरला दोन्ही कपलर एका बिडाच्या ठोकळ्यात बसवलेले आहेत. बाजारात मिळतो तसा सुटा फिमेल कपलर (ज्यात पाइपाच्या टोकाची मेल पिन घुसते तो) आटे फिरवून इथे बसत नाही. सगळा ठोकळा नवा घ्यायचा तर साडेसहा हजार सांगितले, तेही मागवावा लागेल. सुटा फिमेल सातशेच्या आसपास मिळतो. तुमच्या ट्रॅक्टरला तो बसत असेल तर ही नोंद इथेच बंद करा आणि नवा आणा. आम्हाला तो रस्ता नव्हता, म्हणून ही सगळी उठाठेव.

खोलायचा क्रम, आमच्या कपलरचा: बाहेरची कॉलर मागे ओढायची, तोंडाजवळची तारेची रिंग काढायची, कॉलर आणि तिची स्प्रिंग बाहेर येते, छर्रे मोकळे होतात. मग मागून सर्क्लिप (खोबणीत बसणारी स्प्रिंगची कडी), तिच्यामागे पॉपेट (तेलाचं दार उघडणारी-मिटणारी छोटी झडप) आणि त्याची स्प्रिंग. ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी गोल रबरी रिंग, मधल्या खोबणीत. वाचायला दहा मिनिटांचं काम वाटतं. आमची कॉलर गंज आणि मातीने अशी बसली होती की डिझेलमध्ये दोन तास भिजवून, वर लाकूड ठेवून ठोकावी लागली.

मग चूक. कॉलर एकदम सुटली आणि छर्रे उडाले. गोठ्याच्या दारात, मातीत, वर कडबा. भोकं आठ, सापडले सहा. काकूंनी आतून परात आणून दिली आणि म्हणाल्या, "हे आधी मागायचंस ना." दुसरा कपलर परातीत खोलला. आठही छर्रे परातीत.

आत काय निघालं:

ओ-रिंग प्लास्टिकसारखी कडक, बोटाने दाबली तर तुकडा पडला. उजव्या कपलरमध्ये तर ओ-रिंग नव्हतीच, कोणीतरी नळाच्या पाइपचं रबरी वॉशर कापून घातलं होतं. पॉपेटच्या बैठकीवर पांढरे धागे, म्हणजे टेफ्लॉन टेप. पूर्वी कोणीतरी जोडावर टेप गुंडाळली, तिचे तुकडे तेलाबरोबर वाहत येऊन पॉपेटखाली अडकले. नळाला टेप ठीक आहे, हायड्रोलिकला नाही. तुकडा व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आतल्या सरकत्या दांडीत) गेला असता तर खर्च आकड्यात एक शून्य वाढवून आला असता. तिसरी गोष्ट माती. कपलरला टोपण नाही, म्हणून मामा त्यावर प्लास्टिकची पिशवी घालून ट्यूबच्या रबराने बांधतात. पिशवी फाटली की महिनाभर तशीच.

चार वाजता सगळं डिझेलमध्ये धुऊन डब्यात भरलं. मोबाइलवर खोलतानाचे तेवीस फोटो काढलेत. पुढे दोनदा कामाला आले.

१६ एप्रिल, बुधवार

ऑफिस लवकर सोडून नाना पेठेत. ऑटो पार्टची गल्ली न् गल्ली आहे, पण ओ-रिंगवाला वेगळा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "आतला डाय किती आणि कॉर्ड किती?" (डाय म्हणजे रिंगेचा व्यास, कॉर्ड म्हणजे तिच्या रबराची जाडी.) मी खिशातून जुनी रिंग काढून दिली. तो हसला. जुनी रिंग फुगलेली किंवा चेपलेली असते, तिच्यावरून माप घेतलं तर चुकीचंच मिळतं. माप खोबणीचं घ्यायचं. व्हर्निअर (बारीक माप घ्यायची मोजपट्टी) घरी होता, खोबण डब्यात, डबाही घरी. परत हडपसर.

१७ एप्रिल, गुरुवार

खोबण मोजली, कॉर्ड साडेतीन मिमीची पाहिजे. मेल पिनच्या नाकाचं ठरलेलं माप साडेवीस मिमी. ओ-रिंग आतून त्याहून किंचित लहान हवी, म्हणजे ती नाकाला आवळून बसते. संध्याकाळी पुन्हा नाना पेठ, सहा रिंगा साठ रुपये. दुकानदाराने "सेवंटी शोअर देऊ का?" असं विचारलं, मी मान हलवली. शोअर म्हणजे काय ते घरी येऊन बघितलं: रबराचा कडकपणा. आधी बघायला हवं होतं.

छर्रे व्हर्निअरवर ४.७६ मिमी, म्हणजे ३/१६ इंच. हा सायकलचा छर्रा. पुण्यात सायकलचं दुकान शोधावं लागत नाही, निदान अजून तरी. दोन रुपयाला एक, वीस घेतले. हरवलेले दोनच बदलायचे असा विचार होता, पण जुने मोजले तर काही ४.७० वर आलेले. जुने-नवे मिसळले तर सगळा ओढा नव्या, मोठ्या छर्‍यांवर येतो. दोन्ही कपलरचे सोळाही बदलले.

२० एप्रिल, रविवार

पॉपेटची बैठक घासली. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट, नव्वद रुपये, डबीच्या एका बाजूला जाडी आणि दुसर्‍या बाजूला बारीक. मी घाईत जाडीने सुरुवात केली आणि पॉपेट ड्रिलमध्ये धरून फिरवला. दोन मिनिटांत बैठकीवर गोल ओरखडे. ते घालवायला बारीक पेस्टने, हाताने, तळव्यात काडी फिरवतात तसं अर्धा-पाऊण तास. ड्रिल लावू नका, एवढं काम हाताचंच आहे. आमची बैठक धातूवर धातू आहे म्हणून घासता आली. पॉपेटला रबर चिकटवलेलं असेल तर पेस्ट लावायची नाही, पॉपेटच बदलायचा.

तपासणी: पॉपेट आणि स्प्रिंग बसवून कपलर उभा धरला, मागच्या बाजूने डिझेल ओतलं, खाली वर्तमानपत्र. दहा मिनिटांत डाग पडला नाही. मग पेस्टचा कण न कण धुऊन काढला. ही पेस्ट तेलात गेली तर पंपच घासत बसेल.

ओ-रिंग बसवताना पहिली फाटली. छर्‍यांच्या भोकांच्या कडा आतून धारदार असतात. रिंग कोरडीच, स्क्रूड्रायव्हरने आत ढकलली आणि एका कडेवर सोलली गेली. ही पहिली. दुसरी रिंग तेलात बुडवून, बोटाने, मुरडून इंग्रजी आठासारखी करून आत नेली आणि खोबणीत सोडली. बरोबर बसली.

कॉलरची स्प्रिंग दाबून तारेची रिंग चढवायला तिसरा हात लागतो. पाऊण इंची पाइपचा तुकडा कॉलरवर टेकवून मामांनी दाबला, मी रिंग चढवली.

नांगर जोडला, इंजिन चालू. पंधरा-वीस मिनिटं कोरडा ठणठणीत. तात्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत उजवा कपलर गळायला लागला. खोलून पाहिलं: रिंगेची एक कड कुरतडल्यासारखी, उंदराने खाल्ल्यासारखी. ही दुसरी.

२४ एप्रिल, गुरुवार

अर्धी रजा टाकून भोसरीला गेलो. भोसरी एमआयडीसीत गुरुवारची सुट्टी. पुण्यात जन्म गेला तरी हे विसरलो. शटरच्या रांगा बघून परत. दोन तास आणि पेट्रोल.

२६ एप्रिल, शनिवार

पुन्हा भोसरी. हायड्रोलिक फिटिंगच्या दुकानात कुरतडलेली रिंग दाखवली. त्यांनी हातात घेण्याआधीच सांगितलं, "बॅकअप नाही लावली." कारण असं: तेलाचा दाब रिंगेला तोंडाच्या बाजूला ढकलतो. तिथे पिन आणि कपलर यांच्यात केसाएवढी फट असतेच. मऊ रबर त्या फटीत शिरतं, दाब उतरला की मागे येतं, पुन्हा शिरतं, आणि दर वेळी थोडं कापलं जातं. म्हणून रिंगेशेजारी टेफ्लॉनची चपटी बॅकअप रिंग घालतात, ती फट झाकते. शंभर किलोच्या वर दाब असेल तर ती पाहिजेच, असं त्यांचं म्हणणं. आणि रबर नाइन्टी शोअरचं.

नाइन्टीच्या चार ओ-रिंगा शंभर, चार बॅकअप एकशे वीस. आमच्या खोबणीत दोन्हींना जागा होती, म्हणजे मूळ कपलरमध्ये बॅकअप असणार. बत्तीस वर्षांत कुणीतरी काढून टाकली.

२७ एप्रिल, रविवार

बॅकअप घातली, ओ-रिंग घातली, जोडलं. दोन तास काम केलं. नांगर अजूनही आडवा होऊन थांबतो, पण गळती नाही म्हणून सगळे खूश. दुपारी पुन्हा गळती, आता डाव्या बाजूला. खोलून बघतो तर डाव्या कपलरमध्ये बॅकअप आतल्या बाजूला आणि ओ-रिंग तोंडाच्या बाजूला बसवली होती. उजव्यात बरोबर, डाव्यात उलटी. दाब आतून येतो, म्हणून ओ-रिंग आत आणि बॅकअप बाहेर, तोंडाकडे. उलट बसवलेली बॅकअप फट झाकत नाही, नुसती बसून राहते. ही तिसरी, आणि पूर्ण माझी. वहीत चित्र काढून ठेवलं. डोक्यावर विश्वास नको.

तात्या एवढंच म्हणाले, "पंपच बदलायचा का रे?" मी उत्तर दिलं नाही.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिन. सकाळी सातलाच गेलो, उन्हाच्या आत काम उरकायचं म्हणून. डावा नीट बसवला. उजवा चार दिवस ठीक चालला होता, आज माझ्या डोळ्यांदेखत गळायला लागला. चौथी रिंग. नाइन्टी शोअर, बॅकअप योग्य बाजूला, तेलात बुडवून बसवलेली. आता माझ्याकडे द्यायला कारण उरलं नाही.

बांधावर बसून फाटलेली रिंग बघत होतो. या वेळची जखम वेगळी होती. कडेला कुरतडलेली नव्हती, आतल्या अंगाला सरळ उभा चिरा होता, ब्लेडने मारल्यासारखा. रिंगेला ब्लेड लागलं कुठून? आत जाणारी वस्तू एकच: पाइपाची मेल पिन. इतके दिवस मी फिमेल खोलत, घासत, बसवत होतो. मेलकडे कोणी बघितलंच नव्हतं. ती नांगराची, ट्रॅक्टरची नव्हे, म्हणून "आपल्या कामातली" नव्हती.

पिनच्या नाकावर नख फिरवलं. अडकलं. नाकाच्या कडेला ठोकल्याचे वळ, आणि एका जागी धातू वर आलेला, कानसेसारखा. दर वेळी पिन आत जाताना तो काटा ओ-रिंगेवरून ओरखडत जात होता. व्हर्निअर लावला: साडेवीसऐवजी काही ठिकाणी २०.३, काट्यावर २०.७. छर्‍यांची खोबण एका बाजूने झिजून उतरती झालेली, म्हणूनच पाइप चालू तासात निसटत होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पिनच्या आतल्या पॉपेटचं टोक चेपलेलं, दुसर्‍या पिनपेक्षा दीड मिमी आखूड.

या दीड मिमीत पहिल्या दिवसाचं कोडं सुटलं. जोडल्यावर मेलचा पॉपेट आणि फिमेलचा पॉपेट एकमेकांना टोकाने ढकलून उघडतात. एकाचं टोक आखूड असलं की दोघेही अर्धवट उघडतात. पलटी नांगराच्या सिलिंडरला एका पाइपाने तेल जातं तेव्हा दुसर्‍या पाइपाने परत यावं लागतं. परतीचं दार अर्धवट उघडं असेल तर तेल चोंदतं आणि नांगर आडवा होऊन बसतो. आम्ही जाणार्‍या तेलाचा दाब मोजायच्या गोष्टी करत होतो, अडत होतं परतणारं.

मामांना विचारलं, "हे ठोकलंय कशाने?" ते गप्प. मग म्हणाले, "दुपारच्याला पिन आत जातच नाही की. मग दगडावर दोन टोले दिले की तेल सुटतं आन् जाती."

मामांची चूक मला फार मोठी वाटत नाही. नांगर दुपारभर उन्हात उभा राहतो, पाइपातलं कोंडलेलं तेल तापून फुगतं, पिनच्या पॉपेटवर इतका दाब येतो की माणसाच्या हाताने तो आत जाणं शक्यच नाही. त्यांना दुसरा उपाय कुणी सांगितला नव्हता. उपाय दोन. पाइप काढण्याआधीच इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवायचा, म्हणजे दाब टाकीत परत जातो. आणि विसरलात तर पाइपाच्या दुसर्‍या टोकाचा, सिलिंडरजवळचा नट फडकं गुंडाळून अर्धा आटा ढिला करायचा, चमचाभर तेल जाऊ द्यायचं, आवळायचा. नांगर जमिनीवर टेकलेला असला पाहिजे, तो अधांतरी असताना नटाला हात लावायचा नाही.

दगड मामांनी स्वतःच उचलून ओढ्यात टाकला. तात्या बघत होते म्हणून असेल.

३ मे, शनिवार

मेल पिना आणायला भोसरी. अर्धा इंची दोन द्या म्हटलं आणि घेऊन आलो. उरुळीला फोनवर कळवलं, काम झालं. घरी व्हर्निअर लावला: नाक साडेतेवीस मिमी. अर्धा इंच हे माप पाइपाच्या आट्याचं, नाकाचं नव्हे. एकाच अर्ध्या इंचात दोन घराणी आहेत. शेतीच्या अवजारांना आयएसओ ७२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाची ए मालिका, साडेवीसचं नाक. कारखान्याच्या यंत्रांना बहुधा बी, साडेतेवीसचं. दुकानात नुसतं "ट्रॅक्टरसाठी" म्हटलं असतं तरी मिळालं असतं.

त्याच दिवशी परत गेलो. दुकानदाराने न कुरकुरता बदलून दिल्या. तीनशे वीसला एक, दोन घेतल्या. या वेळी आटेही विचारले. इथे आणखी एक खड्डा आहे. बीएसपी आणि एनपीटी या पाइपाच्या आट्यांच्या दोन पद्धती, दोन्हींत अर्धा इंचाला एका इंचाला चौदाच आटे. म्हणून एकाचा नट दुसर्‍यावर दोन-तीन आटे हाताने गोड बसतो आणि मग अडकतो. आट्याचा कोन वेगळा, बीएसपीचा ५५ अंश, एनपीटीचा ६०, शिवाय एनपीटी निमुळता. जोर लावून आवळला तर बसल्यासारखा वाटतो आणि कायम गळतो. पूर्वीच्या माणसाने टेप का गुंडाळली असेल त्याचा अंदाज मला इथे आला. आमचा पाइप सरळ आट्याचा बीएसपी निघाला. त्याला टेप नको, डाउटी वॉशर हवं: धातूची चकती, आतून रबराचा ओठ. चार घेतली, साठ रुपये.

४ मे, रविवार

सकाळी आधी जुना बाजार. रविवारी आणि बुधवारी भरतो, हे मात्र विसरलो नाही. उजव्या कपलरची कॉलर आतून झिजली आहे, छर्‍यांना पुरेसं दाबत नाही. ती एकटी कुठे मिळत नाही. तासभर भंगार चाळून आमच्यासारखा एक गंजका ठोकळा मिळाला. पाचशे सांगितले, तीनशेला दिला. आतलं निम्मं निरुपयोगी, पण एक कॉलर आणि दोन्ही स्प्रिंगा चांगल्या. नुसत्या स्प्रिंगांसाठीही तीनशे वसूल होते.

दुपारी उरुळी. कॉलर बदलली, नव्या पिना डाउटी वॉशर घालून बसवल्या, पाचवी ओ-रिंग. आता जोडताना "टक्क" असा आवाज येतो. इतके दिवस येत नव्हता, आणि तो यायला हवा हे मला माहीतच नव्हतं. जोडल्यावर पाइप हाताने ओढून बघायचा, इंजिन बंद असताना.

इंजिन चालू केलं, लिव्हर ओढला. नांगर उचलला, आडवा झाला, न थांबता पलीकडे गेला. मामांनी तो सलग आठ-दहा वेळा पलटवला, गरज नसताना. तात्या म्हणाले, "बास, डिझेल जळतंय."

११ मे, रविवार

आठवड्यात चार एकर नांगरट झाली. पुठ्ठा धरला, कोरडा. नव्या पिनच्या नाकावर नख फिरवलं, गुळगुळीत.

आज तेलाचं काम. गाळणी काढली. तळाशी मातीचा थर, टेपचे धागे, आणि एक रबराचा तुकडा, बहुतेक माझ्याच दुसर्‍या रिंगेचा. गाळणी डिझेलने धुतली. तेल पांढुरकं दिसत नाही, म्हणजे पाणी फारसं शिरलेलं नाही, नाहीतर सगळं बदलावं लागलं असतं. गळतीत गेलेलं भरायला पाच लिटर, चौदाशे. या ट्रॅक्टरला गिअर आणि हायड्रोलिकचं तेल एकच आहे. बाटलीवर तसं लिहिलेलंच घ्यायचं, कुठलंही हायड्रोलिक तेल ओतायचं नाही.

चार टोपणं आणली, पस्तीसला एक, साखळीसकट. दोन फिमेलला, दोन मेलला. पाइप जोडलेला असताना दोन्ही टोपणं एकमेकांत घालून ठेवायची, म्हणजे त्यांच्यातही माती जात नाही. पैकी एक पहिल्याच रात्री कुत्र्याने नेलं. सकाळी चावलेलं सापडलं. चालतंय.

१८ मे, रविवार

हिशेब तात्यांना द्यायचा म्हणून बसलो. पहिल्या रिंगा ६०, छर्रे ४०, दुसर्‍या रिंगा आणि बॅकअप २२०, मेल पिना ६४०, डाउटी ६०, जुना बाजार ३००, पेस्ट ९०, टोपणं १४०, तेल १,४००. एकूण २,९५०. यात पेट्रोल धरलेलं नाही, धरलं तर काकू मला विचारतील की नवा ठोकळाच का नाही आणला. नाना पेठ दोनदा, भोसरी चारदा, जुना बाजार एकदा. उरुळीचे सात दिवस, त्यातले दोन मी पहिल्याच दिवशी मेल पिन हातात घेतली असती तर वाचले असते. प्रत्यक्ष कामाचे तास वहीत अठ्ठावीस भरतात.

पुन्हा करायचं झालं तर आधी फिमेल खोलणार नाही. पिन पुसणार, नख फिरवणार, दोन्ही पिनांच्या पॉपेटची लांबी मोजणार. पाच मिनिटं लागतात.

तात्यांनी तीन हजार दिले. पन्नास परत देऊ लागलो तर म्हणाले, छर्रे आण.

२५ मे, रविवार

पाऊस यंदा मेमध्येच आला. मंगळवारपासून रोज पडतोय, काळ्या रानात पाय ठेवता येत नाही. कालव्याकडची दोन एकर नांगरायची राहिली, ती आता वाफसा आल्यावर. ट्रॅक्टर पत्र्याखाली उभा आहे, टोपणं लावलेली.

पुठ्ठा धरला तर एक थेंब दिसला. कपलरचा नाही. वर लिव्हरच्या स्पूलजवळून येतोय, तासाला एखादा. तिथेही ओ-रिंग असते. खाली डबा ठेवलाय.